एका रात्रीची खाट

उज्जैनच्या फ्रीगंजात डॉक्टर विनोदिनी लघाटे यांच्याबद्दल एक गोष्ट हमखास सांगितली जायची: ही बाई फी पण घेते आणि जेवून पण जाते. सांगणारा हसून सांगायचा, पण गोष्ट खोटी नव्हती. बाई पेशंटच्या घरी ऐन जेवणाच्या वेळी पोचायच्या, घरचे बसतात तिथेच बसायच्या आणि म्हणायच्या, "रोज वाढता तसंच वाढा. माझ्यासाठी काही वेगळं करू नका." पेशंटच्या ताटात जे पडेल तेच आणि तेवढंच आपल्याही ताटात पडलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट. मग गप्प बसून पहिल्या घासापासून शेवटच्या ताकापर्यंत जेवायच्या. तेल किती, मीठ किती, पोळीला तूप एका बाजूने की दोन्ही, वाढणारी सून सासऱ्याला नको म्हणू शकते की नाही, हे सगळं त्यांना त्या ताटावर कळायचं. क्लिनिकमध्ये विचारलं तर उज्जैनचा माणूस काय सांगणार? "हम तो बस दो फुलके खाते हैं, मॅडम." फुलके खरोखरच दोन असतात. त्यांच्याआधी वाटीभर सेव पोटात गेलेली असते, तिला इथे कोणी खाणं म्हणत नाही.

बाईंचे वडील रेल्वेच्या नोकरीत साताऱ्याहून इकडे आले आणि इकडचेच झाले. बाई डॉक्टर झाल्या इंदूरला. एम.डी. झाल्यावर सरळ दवाखाना थाटायचा सोडून हैदराबादला जाऊन पोषणशास्त्र शिकून आल्या, तेव्हा नातेवाइकांनी कपाळाला हात लावला. एवढं शिकून पोरगी शेवटी स्वयंपाकघरातच शिरली, असं एक मावशी तोंडावर म्हणाली. नवरा अरविंद कॉलेजात गणित शिकवायचा. तो काही म्हणाला नाही, फक्त क्लिनिकचं भाडं पहिली दोन-तीन वर्षं आपल्या पगारातून देत राहिला.

कारण क्लिनिक चालत नव्हतं. बाई सुई टोचत नसत, सलाईन लावत नसत. लाल-पिवळ्या गोळ्यांची पुडी मिळत नाही ती कसली डॉक्टर, असा गावाचा हिशेब. पण मग ती नव्वदीची वर्षं आली. नानाखेड्याकडे नव्या कॉलन्या उठल्या, सायकलीची स्कूटर झाली, स्कूटरची गाडी झाली. घरोघरी फ्रिजात कोल्ड्रिंकच्या बाटल्या उभ्या राहिल्या, आणि पूर्वी सणाला होणारे, कणकेचे तुपात बुडवलेले बाफले दर रविवारी व्हायला लागले. पैसा आला तशी साखर आली. चाळिशीतली माणसं तळपाय बधिर झाले म्हणून यायला लागली. बाईंच्या क्लिनिकमधल्या खुर्च्या भरल्या, आणि त्याच सुमारास एक नवाच प्रश्न ऐकू यायला लागला: "मॅडम, ये मेडिक्लेम में आता है क्या?"

येत नव्हतं. सरकारी विमा कंपनीचा मेडिक्लेम तेव्हा नुकता घरोघरी पोचत होता, आणि त्याचा नियम साधा होता. माणूस एक रात्र तरी इस्पितळाच्या खाटेवर पडला तर पैसे. पाय कापला तर पैसे. पाय कापायची वेळ येऊ नये म्हणून कोणी वर्षभर झटलं तर शून्य. बाईंचा यावर जीव जळायचा. फी बुडते म्हणून नव्हे. लोक हिशेबी असतात. ज्याचे पैसे परत मिळतात ते काम खरं आणि ज्याचे मिळत नाहीत तो शौक, असं त्यांच्या मनात बसतं. दोन महिने येऊन तिसऱ्या महिन्यात गायब होणारे पेशंट बाईंनी कितीतरी पाहिले, आणि त्यांतले काही नंतर कुबड्यांवर पाहिले. आपल्या विषयाचं एक बिल, एकच, त्या कंपनीने आपल्या विषयाच्या नावाने पास करावं, एवढं त्यांना हवं होतं. तीन वर्षं त्या कंपनीच्या शाखेत चकरा मारत होत्या.

तिथले क्लेम अधिकारी रमेश चौरसिया भले गृहस्थ. बाई आल्या की चहा सांगायचे. "मॅडम, आप बिलकुल सही कहती हैं," असं दर वेळी म्हणायचे, आणि दर वेळी पुढे म्हणायचे, "लेकिन कंपनी खाट का पैसा देती है, खाने का नहीं."

भय्यासाहेब इंगळे बाईंकडे आले ते शहाण्णव साली, आणि स्वतःच्या पायांनी आले नाहीत. दोघांनी धरून आणलं. इंगळ्यांचे पूर्वज शिंद्यांच्या दरबारात होते. भय्यासाहेबांचं भैरवगढच्या छापील चादरींचं दुकान होतं. माणूस उमदा, आवाज मोठा, जेवण त्याहून मोठं. साखरेचा आजार दहा वर्षांचा, आणि तो त्यांनी दहा वर्षं पाहुण्यासारखा सांभाळला होता, काही कमी पडू दिलं नव्हतं. आता डाव्या पायाची दोन बोटं काळी पडली होती. गावातले सर्जन डॉक्टर शरच्चंद्र बर्वे म्हणाले होते, बोटं काढू, मग बघू पाऊल वाचतं का. बर्वे बाईंचे कॉलेजचे सोबती. बाईंनी त्यांच्याकडून मुदत मागून घेतली. "तुम्ही जखम सांभाळा, शरद. साखर माझ्याकडे द्या."

मग बाई इंगळ्यांकडे जेवायला जायला लागल्या. भय्यासाहेबांच्या पत्नी मंगलाबाई पहिल्या दिवशी घाबरल्या, दुसऱ्या दिवशी खुलल्या. बाईंनी काहीएक बंद केलं नाही. बाफला ठेवला, पण मुठीएवढ्याचा लिंबाएवढा केला आणि तुपात बुडवायचा तो तुपाचं बोट लावून वाढायला लावला. सेवेचा डबा मंगलाबाईंच्या कपाटात कुलपात गेला. पोह्यांत मोडाचे मूग आले. भय्यासाहेब ओरडले, रुसले, एकदा ताटावरून उठले. बाई आपल्या ताटातलं तेवढंच लिंबाएवढं खात शांत बसून राहिल्या. समोर एक बाई आपल्याइतकंच जेवून तृप्त होते आहे म्हटल्यावर त्या भल्या माणसाला उपाशी राहिल्याची तक्रार करता येईना. जखम हळूहळू लाल झाली, मग गुलाबी झाली. दिवाळीला दोन्ही बोटं जागेवर होती, आणि भय्यासाहेब राम घाटाच्या पायऱ्या उतरून दिवे सोडून आले. बर्वे म्हणाले, "विनोदिनी, हे मी पुस्तकात वाचलं असतं तर मानलं नसतं."

बाईंच्या डोक्यात चक्रं फिरायला लागली. असा पेशंट पुन्हा मिळायचा नाही. सर्जनने कापायची तारीख दिलेली, बोटं शाबूत, आणि माणसाकडे तीन वर्षांपासूनची विमा पॉलिसी. त्यांनी 'आहार-चिकित्सा' या नावाने सरळ बिल केलं. ते सरळ परत आलं. खाट कुठे आहे?

तोडगा भय्यासाहेबांनी काढला. "डॉक्टरीणबाई, इतनी-सी बात? बर्व्यांकडे एक रात्र पडतो. सगळं गाव तसंच करतं." बाई नाही म्हणाल्या. पण चौरसियांना भेटल्या तेव्हा तेही चहा ढवळत हेच म्हणाले. आहार-चिकित्सेचं बिल इस्पितळाच्या बिलात तज्ज्ञाची फी म्हणून आलं तर मी पास करीन, आणि एकदा पास झालं की ती नजीर होते, पुढच्यांना दाखवायचा दाखला होतो, पुढे इंदूरच्या ऑफिसलाही नाही म्हणता येत नाही. "बस एक बार फाइल में चढ़ जाए, मॅडम." नजीर या शब्दाने बाईंना गाठलं. पुढच्या प्रत्येक पेशंटसाठी दार उघडणार होतं, आणि किंमत एक खोटी रात्र.

त्यांनी ती दिली. जखमेच्या तपासणीसाठी म्हणून भय्यासाहेब बर्व्यांच्या नर्सिंग होममध्ये भरती झाले. संध्याकाळी खाटेवर बसून त्यांनी नर्सला दुकानाच्या गमती सांगितल्या, रात्री घरी जाऊन जेवले, तिथेच झोपले आणि सकाळी येऊन सुटी घेतली. सुटीचं कार्ड बाईंनी स्वतः लिहिलं. इथे त्यांचा स्वभाव आडवा आला. खाट खोटी होती, ते मन मारून त्यांनी लिहिलं; पण आजाराचा इतिहास अर्धवट लिहायला त्यांचा हात तयार होईना. पेशंटच्या कागदावर पेशंटचं सगळं हवं, हे त्या आयुष्यभर करत आल्या होत्या. त्यांनी लिहिलं: मधुमेह, दहा वर्षांपासून.

कंपनीचं उत्तर आलं ते त्यांनी दोनदा वाचलं. भय्यासाहेबांनी पॉलिसी घेतली तेव्हा एजंटने 'आधीचा आजार' या रकान्यात स्वतःच 'नाही' लिहून सही घेतली होती. तो सगळ्यांचंच तसं लिहायचा. आता डॉक्टरच्या अक्षरात दहा वर्षं म्हटल्यावर आजार लपवला असं ठरलं. बिल नामंजूर, आणि पॉलिसीही रद्द. खाटेबद्दल त्या पत्रात चकार शब्द नव्हता. खोटं बिनबोभाट पास झालं होतं आणि खरं तेवढं पकडलं गेलं होतं.

भय्यासाहेब पत्र घेऊन क्लिनिकमध्ये आले, पण भांडायला नाही. "तुमची काय गलती? तुम्ही होतं तेच लिहिलंत." त्यांनी आवाज चढवला असता तर बाईंना बरं वाटलं असतं. मागे मंगलाबाई उभ्या होत्या. त्यांचं नाव त्याच पॉलिसीत होतं, त्यांच्या पित्ताशयात खडे होते, आणि माघात ऑपरेशन ठरलं होतं. मुलाने त्या वर्षी सगळं भांडवल नव्या दुकानात घातलेलं. पॉलिसी नसेल तर ऑपरेशन पुढे ढकलायचं, हे घरात बोलूनही झालं होतं. कळा मात्र ढकलता येत नव्हत्या. बाईंनी मंगलाबाईंचं पोट तपासलं आणि त्या माऊलीने ओठ दाबून धरले तेव्हा बाईंना स्वतःची शरम वाटली. एक बिल पास करून घ्यायच्या हट्टापायी आपण या घराचं छप्पर काढलं, असं त्यांनी त्या रात्री अरविंदला सांगितलं. अरविंदने ऐकून घेतलं. "मंगलाबाईंचं ऑपरेशन व्हायलाच पाहिजे," तो म्हणाला. "बाकी सगळं त्यानंतरचं."

दुसऱ्या दिवशी बाई कंपनीच्या शाखेत गेल्या आणि चौरसियांसमोर बसून त्यांनी सरळ कबुली दिली. "ते भरती होणं खोटं होतं. ते घरी झोपले होते. कार्डच खोटं आहे, तर त्याच्या आधारावर पॉलिसी रद्द कशी करता? माझ्यावर काय कारवाई करायची ती करा."

चौरसिया उठले, दार लावून आले. "मॅडम, ये बात आप यहीं छोड़ दीजिए," ते हळूच म्हणाले. "खाट को किसी ने झूठा नहीं कहा. खाट बिलकुल ठीक है." मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी वाट दाखवली. कंपनीला अडचण एका ओळीची. ती ओळ चुकून दुसऱ्या पेशंटची पडली, इंगळ्यांना मधुमेह नाही, असं डॉक्टरने लिहून द्यायचं आणि सोबत आजचा रक्ताचा रिपोर्ट जोडायचा. पॉलिसी आठवड्यात चालू होईल.

"रिपोर्ट कसा जोडणार?" बाईंनी विचारलं.

"क्यों, शुगर तो अब नॉर्मल आती होगी? आप ही ने तो ठीक की है."

खरंच नॉर्मल येत होती. महिनोन् महिने त्या घरात जेवून त्यांनी ती तिथवर आणली होती. तेच काम आता आजार कधी नव्हताच याचा पुरावा म्हणून लागणार होतं.

"आणि माझं बिल?"

चौरसियांना मनापासून वाईट वाटलं, ते तोंडावर दिसत होतं. "जिसको बीमारी ही नहीं, उसकी डाइट का बिल मैं कैसे पास करूँ, मॅडम?"

बाईंनी तिथेच कागद मागून घेतला. लिहिताना त्यांचं अक्षर नेहमीसारखंच आलं. बाहेर पडल्यावर मात्र त्या शाखेच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिल्या, आणि येणारे-जाणारे बघत होते तरी रडल्या. तीन वर्षं ज्याच्यासाठी चकरा मारल्या ते एक उदाहरण त्यांच्या हातात होतं, आणि ते त्यांनी आपल्या हाताने पुसलं होतं. पुन्हा त्या शाखेत त्या आपलं म्हणणं घेऊन गेल्या नाहीत. सांगणार काय? कोणाची बोटं वाचवली म्हणणार?

मंगलाबाईंचं ऑपरेशन माघात झालं, नीट झालं, आणि कंपनीने सगळे पैसे दिले. बाई बघायला गेल्या तेव्हा मंगलाबाईंनी त्यांचा हात धरून ठेवला आणि सोडायला तयार होईनात. त्या दिवशी बाईंना वाटलं, जे केलं ते बरं केलं. तसं वाटणं काही खोटं नव्हतं.

वैशाखात पॉलिसीचं नवं वर्ष लागलं, त्या आनंदात भय्यासाहेबांनी गच्चीवर दाल-बाफल्यांचा बेत ठेवला. चौरसिया पाहुणे, बाई आणि अरविंद पाहुणे. बाई मधले दोन-तीन महिने इंगळ्यांकडे गेल्या नव्हत्या. भय्यासाहेबच म्हणाले होते, आता मी बरा आहे, कशाला त्रास घेता. गच्चीत गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर बाफले भाजले जात होते, आणि ते लिंबाएवढे नव्हते. भय्यासाहेब जिना चढून आले ते कठड्याला धरून. एवढ्या उकाड्यात त्यांच्या डाव्या पायात मोजा होता.

"पायाला काय झालं?" बाईंनी विचारलं.

"बूट चावला जरा. नया है."

पानं वाढली. मंगलाबाई अजून ऑपरेशनच्या बाजूने किंचित वाकून चालत होत्या, त्यांनी सगळ्यांना वाढलं आणि नवऱ्याच्या पानापाशी थबकल्या. भय्यासाहेबांनी स्वतःच टोपल्यातून दोन बाफले उचलले, फोडले आणि तुपाची वाटी वर उपडी केली. मंगलाबाईंनी बाईंकडे पाहिलं. चौरसिया आपल्या वाटीतल्या डाळीकडे बघू लागले.

"भय्यासाहेब, एक ठेवा," बाई म्हणाल्या.

"अहो, आज नाही तर कधी खायचे?"

"तुमचं जेवण ठरलेलं आहे."

"ते तेव्हाचं. आता कसलं ठरलेलं?" भय्यासाहेब सगळ्या पंगतीला सांगितल्यासारखं मोठ्याने म्हणाले. त्यांच्या आवाजात कुठे कडवटपणा नव्हता. त्या कागदाची ते घरात बरेच दिवस गंमत करत होते, आणि गंमत करता करता ती त्यांना पटली होती. "घरात ही रोज टोकते, तिलाही मी हेच सांगतो. मला साखर नाही. खुद्द लघाटेबाईंचं म्हणणं आहे."

बाईंनी ताटावरून हात उचलला. शेजारी अरविंदने त्यांच्याकडे मान वळवली. विमा कंपनीचा माणूस समोर हातभर अंतरावर बसला होता, मंगलाबाई डाव घेऊन तशाच उभ्या होत्या, आणि मोज्याच्या अंगठ्याकडच्या बाजूला ओला डाग पडला होता तो बाईंना बसल्या जागेवरून दिसत होता.

"तुम्हाला साखर आहे, भय्यासाहेब," त्या म्हणाल्या. "होती आणि आहे. तो पाय मला आत्ताच्या आत्ता बघू द्या."

चौरसियांनी मान वर केली नाही. भय्यासाहेब हसले, लहान मुलाची समजूत घालावी तसे हसले.

"मग तसं लिहून द्या ना, डॉक्टरीणबाई."

बाईंनी मंगलाबाईंकडे पाहिलं, चौरसियांकडे पाहिलं; लिहून दिलं तर पॉलिसी पुन्हा रद्द होणार होती. भय्यासाहेबांनी क्षणभर वाट पाहिली. मग बाफला डाळीत कालवला आणि ते जेवायला लागले.